गृहपाल कुठून आला? बारामती-इंदापूरच्या आसपासच्या वसतिगृहांचा 'काम' म्हणून इतिहास

२०२४ मध्ये समाजकल्याण आयुक्तालयाने गृहपाल पदांची जाहिरात काढली होती. तुमच्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल, काहींनी अर्जही भरला असेल. अशा सरळसेवा भरतीच्या परीक्षेत काय असतं, तर मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी. रात्री दोन वाजता एखादा मुलगा रडत उठला तर काय करायचं, यावर प्रश्न नसतो. ज्याला घरी जायचं नाही आणि इथेही राहायचं नाही, अशा पोराशी काय बोलायचं, यावरही नसतो.

हे मी परीक्षेला नावं ठेवायला सांगत नाहीये. मला त्यात इतिहासाचा एक प्रश्न दिसतो. दुसऱ्याच्या मुलांसोबत राहणं, त्यांना उठवणं, जेवू घालणं, आजारपण काढणं, रात्री दिवा मालवणं हे काम पगारी 'पद' कधी झालं? त्याआधी ते कोण करत होतं? आणि त्या आधीच्या माणसांच्या कामातलं काय काय आजच्या गृहपालाच्या, अधीक्षकाच्या, गृहमातेच्या वाट्याला आलं आहे?

आपल्याकडे वसतिगृहांचा आणि अनाथाश्रमांचा इतिहास भरपूर लिहिला गेला आहे. पण तो बहुतेक संस्थापकांचा इतिहास आहे. संस्था कोणी काढली, जागा कोणी दिली, पाहुणे कोण आले, शताब्दी कधी झाली, हे सगळं मिळतं. खोलीत मुलांबरोबर झोपत कोण होतं, हे मात्र शोधावं लागतं. संशोधनाचा विषय शोधत असाल तर हा लेख त्या शोधाचा एक नकाशा समजा.

बारामती-इंदापूरच का?

कारण इथे थोड्या अंतरात जवळजवळ सगळे नमुने सापडतात. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. खुद्द बारामतीत ब्रिटिश काळातली 'गुन्हेगार जमातीं'ची वसाहत. नीरा ओलांडली की फलटण, आणि तिथल्या निंबुऱ्यात बेबी कांबळे यांनी काढलेली मागास समाजातल्या मुलांची निवासी शाळा. पुरंदरमध्ये कुंभारवळणला सिंधुताई सपकाळांचं ममता बाल सदन. दोन्ही तालुक्यांत समाजकल्याणची शासकीय वसतिगृहं. शिवाय माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या साखर कारखान्यांच्या हंगामामुळे दरवर्षी आई-बापांबरोबर इकडे येणारी, किंवा आई-बाप इकडे आल्यामुळे गावी मागे राहणारी मुलं.

हे नमुने वेगवेगळे दिसतात खरे, पण 'मुलांजवळ राहणारा माणूस' असा धागा पकडला की त्यांत तीन परंपरा दिसू लागतात. मी त्यांना सोयीसाठी नातं, पहारा आणि पद अशी नावं दिली आहेत.

पहिली परंपरा: नातं

१८६३ मध्ये जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. हे वाक्य आपण शाळेपासून पाठ करतो. आता हेच वाक्य कामाच्या अंगाने वाचा. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे बाळंत होणार. मग त्यांचं बाळंतपण, नवजात मुलांचं दूधपाणी, बाईचं मन सांभाळणं हे कोणी केलं? सावित्रीबाईंनी. त्याच गृहात जन्मलेल्या यशवंतला या दांपत्याने दत्तक घेतलं. म्हणजे इथे सांभाळ आणि नातं यांच्यात सीमारेषाच नव्हती.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे, म्हणजे 'बाया' झाली. तिची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम पुढे हिंगण्याला गेला, तेव्हा तिथला दैनंदिन कारभार सांभाळणाऱ्यांमध्ये पार्वतीबाई प्रमुख होत्या. पुढे आश्रमासाठी निधी गोळा करायला त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या.

ही साखळी नीट बघा. एका आश्रयगृहात शिकलेली बाई दुसऱ्या आश्रयगृहाच्या संसारात येते, तिची बहीण तिथली व्यवस्था पाहते, तिथे शिकलेल्या विधवा पुढे तिथेच कामाला राहतात. केडगावलाही असंच घडलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, १९०० च्या सुमारास तिथली वस्ती दीड हजाराच्या वर गेली. एवढ्या मुलींना पुरतील इतक्या शिकलेल्या बाया आणणार कुठून? मोठ्या मुलींकडे लहान मुली सोपवल्या गेल्या. काल दुष्काळातून आलेली मुलगी आज दुसरीची वेणी घालू लागली. महाराष्ट्रात या कामातली 'करिअर' अशी सुरू झाली. अर्ज नाही, मुलाखत नाही. सांभाळलं गेलेलं माणूस सांभाळणारं झालं.

कर्व्यांनी १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ काढला. नावातच सगळं आलं. काम करायचं, फळाची अपेक्षा ठेवायची नाही. संस्थेसाठी आयुष्य देणारी माणसं तयार करण्याची ही कल्पना होती आणि ती त्या काळाला शोभणारी होती. पण तिची दुसरी बाजू अशी, की मुलं सांभाळणं हे 'व्रत' ठरलं. आणि एकदा व्रत म्हटलं की पगार, सुट्टी, कामाचे तास हे शब्द काढणारा माणूस लहान दिसू लागतो.

साताऱ्यात १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केलं, तिथली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या. आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथे आणखी एक वाक्य लिहायला हवं. त्या बोर्डिंगचा पहिला मोठा खर्च, म्हणजे स्वयंपाक आणि सांभाळ करणारीची मजुरी, हिशेबात कधी आलाच नाही. तो लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतला.

आजही वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईला मुलं 'मावशी' म्हणतात आणि पहारेकऱ्याला 'मामा'. या हाकेत माया असते. ज्यांना ही हाक मारली जाते त्यांतले कितीतरी जण अनुदानित वसतिगृहात मानधनावर राबतात आणि वेतनश्रेणी मागतात, हेही त्याच परंपरेतून आलं आहे.

दुसरी परंपरा: पहारा

नात्याची परंपरा चालू असतानाच सरकार वेगळ्या वाटेने मुलांपर्यंत पोचत होतं. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा सुरू झाली. १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले. या शाळांचा हेतू पोरांना तुरुंगात मोठ्या गुन्हेगारांपासून दूर ठेवणं हा होता. पण त्यांची घडण तुरुंगाच्या सावलीतच झाली. त्यामुळे मुलांजवळ राहणाऱ्या माणसाचं मुख्य काम 'मोजणं' ठरलं. सकाळी किती, संध्याकाळी किती, पळाले किती.

हीच रीत बारामतीला कशी आली, ते पाहायला 'गुन्हेगार जमाती' कायद्याकडे वळावं लागतं. १८७१ च्या या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. १८९७ च्या दुरुस्तीने ४ ते १८ वयाची मुलं आई-बापांपासून वेगळी काढून सुधारशाळेत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. १९११ च्या कायद्याने वसाहतींचा पसारा वाढवला. मुंबई इलाख्यात ओ. एच. बी. स्टार्ट या अधिकाऱ्याने विजापूरपासून या वसाहतींची घडी बसवली. सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी त्या उभ्या राहिल्या, कुठे सरकार चालवायचं, कुठे मिशन. बारामतीची वसाहत ऑस्ट्रेलियातून आलेल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या मिशनच्या देखरेखीखाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे मिशन बारामतीत काम करत होतं आणि अनाथ मुलांचा सांभाळ हाही त्याच्या कामाचा भाग होता.

म्हणजे एकाच गावात, एकाच मिशनच्या हाताखाली, दोन प्रकारची मुलं होती. एक आई-बाप नसलेली. दुसरी आई-बाप असलेली, पण ते आई-बाप 'वाईट' असल्याचं सरकारने लिहून ठेवलेली. वसाहतीतली हजेरी, बाहेर जायला लागणारा पास, सक्तीची शाळा, काही ठिकाणी मुलांसाठी वेगळी बोर्डिंगं, या सगळ्यामागचं गृहीतक उघड होतं. मूल सुधारायचं असेल तर त्याला त्याच्या माणसांपासून तोडलं पाहिजे.

या व्यवस्थेत राबणारी माणसं दुष्टच होती असं समजू नका. तसं समजलात तर संशोधन तिथेच संपेल. त्यांच्यातल्या अनेकांनी मनापासून शिकवलं, औषधपाणी केलं. प्रश्न त्या नोकरीच्या रचनेचा आहे. ज्याच्या हातात हजेरीवही आणि किल्ली आहे, त्याच्याजवळ मूल मन मोकळं करेल कसं? हा प्रश्न वसाहती मोडल्या म्हणून संपला नाही. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ ला. पण हजेरीवही तशीच राहिली. आजच्या अधीक्षकाला विचारा, मूल उदास आहे म्हणून वरून फोन येतो का? मूल हजेरीत कमी भरलं तर मात्र लगेच येतो.

तिसरी परंपरा: पद

आता तिसरा धागा. १९२४ मध्ये मुंबई बाल अधिनियम आला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि रिमांड होम, प्रमाणित शाळा असे शब्द रुळले. त्या कायद्यातला एक शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, 'फिट पर्सन', म्हणजे मूल सोपवायला योग्य व्यक्ती. ही व्यक्ती संस्थाही असू शकत होती. योग्य कोण हे ठरवण्याचा अधिकार नातेवाइकांकडून न्यायालयाकडे गेला. आजच्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमातही योग्य व्यक्ती आणि योग्य सुविधा हे शब्द आहेत. शंभर वर्षं टिकलेली संकल्पना आहे ही.

याच सुमाराला वसतिगृहांच्या बाबतीत एक वळण आलं. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह चालवलं. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा विचार करायला समिती नेमली. अध्यक्ष कोण, तर तेच वसाहतीवाले स्टार्ट. सदस्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. पी. जी. सोळंकी, ठक्कर बाप्पा. १९३० च्या अहवालात वसतिगृहांवर भर होता. त्यानंतर मागासवर्गीयांसाठी वेगळं खातं निघालं आणि त्याची सूत्रंही स्टार्ट यांच्याकडेच आली. पुढे या कामाचा वारसा समाजकल्याण खात्याकडे आला.

इथे थोडं थांबा. वसाहतीमागचा विचार मुलाला त्याच्या लोकांपासून तोडण्याचा होता. आंबेडकरी चळवळीतल्या वसतिगृहाचा विचार मुलाला त्याच्या लोकांसाठी घडवण्याचा होता. आणि सरकारी कारभारात दोन्ही एकाच टेबलावर आले. माझ्या मते आजच्या गृहपालाच्या पदातला पेच इथून निघतो. तो पालक आहे, पहारेकरी आहे आणि सरकारी कर्मचारीही आहे. खातं त्याच्याकडे तिन्ही मागतं. लेखी हिशेब मात्र एकाचाच मागतं.

प्रशिक्षणाचं म्हणाल, तर १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, तेच आजचं टाटा समाजविज्ञान संस्था. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था आहे. या कामासाठी शिकता येतं ही कल्पना त्यामुळे रुजली. पण शिकलेला माणूस बहुधा समुपदेशक, परिविक्षा अधिकारी किंवा प्रकल्प समन्वयक होतो. मुलांबरोबर रात्र काढणारी माणसं या पदव्यांच्या बाहेरच राहिली.

फलटणच्या बेबी कांबळे यांचं उदाहरण इथे वेगळं उठून दिसतं. 'जिणं आमचं' लिहिणारी बाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. निंबुऱ्याची निवासी शाळा हा त्यांच्या आयुष्याचा तेवढाच मोठा भाग आहे. ज्या वस्तीतून मुलं आली, त्याच जगण्यातून आलेली बाई ती संस्था चालवत होती. तिथे मुलाला आपली भाषा, आपलं आडनाव लपवावं लागत नाही. पदवीच्या कागदावर ही पात्रता कुठे लिहिणार?

उसाचा हंगाम आणि दोन्हीकडची मुलं

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानात ऊस आला. ऊस आला, मागोमाग गुऱ्हाळं आणि कारखाने आले, तोडणीला बीड, नगरकडून टोळ्या येऊ लागल्या. दिवाळीच्या आसपास निघायचं, उन्हाळ्यात परतायचं. मुलांना बरोबर आणलं तर शाळा बुडते, मागे ठेवलं तर सांभाळायला म्हातारी आजी. इकडे फडाजवळ साखरशाळा काढून पाहिल्या, तिकडे गावात हंगामी वसतिगृहं निघाली. २०२१ मध्ये राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली.

म्हणजे इंदापूरच्या फडात कोयता चालतो तेव्हा त्याची किंमत दोनशे किलोमीटरवरच्या एखाद्या वसतिगृहात कोणीतरी मोजत असतं. हंगामी वसतिगृहातली सांभाळणारी बाईही हंगामीच. मुलाची तिच्याशी ओळख होते न होते तोच हंगाम संपतो. पुढच्या वर्षी तीच असेल याची खात्री नाही. ज्याचे आई-बाप दरवर्षी निघून जातात त्या मुलाच्या बाबतीत सांभाळणारं माणूसही दरवर्षी बदलणं ही साधी प्रशासकीय बाब नाही.

एक छोटं गणित

२०१६ च्या बाल न्याय आदर्श नियमांत १०० मुलांच्या संस्थेसाठी सुचवलेला कर्मचारीवर्ग आहे. त्यात गृहमाता किंवा गृहपिता चार. कागदावर दिसतं, २५ मुलांमागे एक. बरं वाटतं.

आता तास मोजा. आठवड्याचे तास १६८. एका माणसाने आठवड्याला ४८ तास काम केलं, तर एक जागा चोवीस तास भरून ठेवायला साडेतीन माणसं लागतात. म्हणजे चार माणसांत, रजा आणि आजारपण धरून, कुठल्याही क्षणी हजर असतं साधारण एकच माणूस. १०० मुलांमागे एक. हे टाळायचं असेल तर त्या चौघांनी नेमलेल्या तासांपेक्षा कितीतरी जास्त काम करायचं, म्हणजे पुन्हा व्रत. किंवा मुलांना कुलपात आणि रांगेत ठेवायचं, म्हणजे पुन्हा पहारा. पद अपुरं पडलं की जुन्या दोन परंपरा आपोआप परत येतात. हा इतिहास आजच्या कामाशी असा जोडलेला आहे.

आणखी एक विरोधाभास लक्षात ठेवा. २०१५ चा कायदाच म्हणतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असावा, आधी कुटुंब. तत्त्व योग्य आहे. पण 'शेवटचा उपाय' म्हटलेल्या जागेवर माणसं, पैसा, प्रशिक्षण हेही शेवटी पोचतं. आणि जिथे दुसरा उपाय उरलेला नाही, तीच मुलं तिथे असतात.

तुम्ही यावर काम करणार असाल तर

पहिलं, संस्थेच्या अहवालात उद्दिष्टांचं पान सोडून खर्चाचं पान आधी वाचा. किराणा किती, पगार किती, पगारात कोणाचं नाव आहे आणि कोणाचं नाही. ज्याचं नाव नाही त्याचं काम कोणीतरी फुकट केलेलं असतं.

दुसरं, नियमावली वाचताना प्रत्येक नियम उलटा वाचून पाहा. 'मुलांनी रात्री आवाराबाहेर जाऊ नये' असा नियम असेल तर मुलं जात होती आणि कोणीतरी जागं राहून पाहत होतं.

तिसरं, आत्मचरित्रं. पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' आणि आनंदीबाईंचं 'माझे पुराण' सांभाळणाऱ्यांच्या बाजूने वाचा. दया पवारांचं 'बलुतं', लक्ष्मण मानेंचं 'उपरा' मुलाच्या बाजूने वाचा. एकाच प्रकारच्या खोलीचं दोन्ही बाजूंनी वर्णन मिळणं हे आपल्या भाषेचं भाग्य आहे. वसाहतींचे छापील सरकारी अहवाल तिसऱ्या बाजूने, म्हणजे किल्लीच्या बाजूने लिहिलेले आहेत. तिन्ही शेजारी ठेवा.

चौथं, मौखिक इतिहास. निवृत्त अधीक्षक, स्वयंपाकीण, पहारेकरी यांना भेटा. त्यांना 'तुम्ही ही सेवा कशी केलीत' असं विचारू नका, ते सत्काराचं भाषण देतील. 'तुमचा दिवस किती वाजता सुरू व्हायचा' असं विचारा. 'पहिल्या रात्री काय झालं' विचारा. 'काम का सोडलं' हे तर विचाराच. संस्थेत सध्या राहणाऱ्या मुलांच्या मुलाखतींच्या मागे लागू नका. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ त्यांची ओळख उघड करायला मनाई करतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मुलाला आपली गोष्ट पोलीस, समिती, समुपदेशक अशा सगळ्यांना सांगून झाली आहे, त्याच्यासमोर आणखी एक वही घेऊन बसण्याआधी आपल्या विषयाची गरज नीट तपासावी.

पाचवं, शब्द जपा. वसतिगृह, बालगृह, निरीक्षणगृह, आश्रमशाळा, हंगामी वसतिगृह हे एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येकाचं खातं वेगळं, कायदा वेगळा, मूल तिथे येण्याचं कारण वेगळं. प्रस्तावनेतच गल्लत झाली तर मार्गदर्शक पहिल्या पानावरच लाल शाई काढतील, आणि ते बरोबरच असेल.

तुमच्यातल्या काहींच्या हातात कदाचित प्रबंधाआधी नेमणुकीचं पत्र पडेल, गृहपाल म्हणून, अधीक्षक म्हणून. पडलं तर पहिल्या आठवड्यात जुनी दप्तरं बघून घ्या. तुमच्या आधी तिथे कोण कोण होतं, किती दिवस टिकलं, याची यादी करा. त्यात शिपाई आणि मावशींची नावंही लिहा. त्या इमारतीचा तेवढा इतिहास बहुधा अजून कोणी लिहिलेला नसेल.